उभी गाडी

माझं गॅरेज उताराच्या पायथ्याशी,
तिथून एम्रिसचं अंगण सरळ दिसतं.
म्हणून सांगतो. ऐकीव काही नाही.

ऑगस्टात आणली त्यानं ती कुत्री.
सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये नुसती पिल्लं काढलेली,
पायाखाली कधी गवत नाही,
डोक्यावर कधी मोकळं आभाळ नाही.
अंगभर ठिपके, म्हणून ब्रिथ.
आमच्या वेल्शमध्ये ठिपकेवालीला तेच म्हणतात.
पिंजऱ्यात घालून, गाडीतून आणली,
वाटेत तीनदा ओकली,
आणि त्या दिवसापासून गाडी म्हटलं
की कुंपणाच्या मुळाशी दडायची,
शेपटी पोटाखाली गोळा करून.

पहिला महिना पट्टा नुसता जमिनीवर,
तिच्या ताटलीशेजारी, मेलेल्या जनावरासारखा.
ती मान लांब करून खायची,
मागचे पाय मात्र पळण्याच्या तयारीत.
मग एका सकाळी तिचा पंजा चुकून त्यावर पडला
आणि तो चावला नाही.
एम्रिस हे सांगायला खास खाली आला,
नातवाला पहिला दात आल्याचं सांगावं तसा.

तरी पट्टा बांधला नाहीच.
मेनाच्या विणकामातली लोकर घेतली, पिवळी,
गळ्याभोवती सैल, दुसरं टोक आपल्या बोटात.
म्हणाला, ओढलं की तुटलं पाहिजे.
नियम माणसाला आहे, तिला नाही.
चार वेळा तुटली. पाचव्यांदाही.
गुंडा खिशात घेऊनच हिंडायचा,
आणि मेनाचा स्वेटर एका बाहीवर अडून राहिला.

ऑक्टोबरात गाडीचे चारही दरवाजे उघडे टाकले.
इंजिन बंद. कोंबड्या आत जाऊन बसायच्या.
तोही बसायचा. जेवण तिथेच, वर्तमानपत्र तिथेच,
अंधार पडला की डोक्याला टॉर्च लावून.
चॅपेलमध्ये कुजबूज सुरू झाली
की मेनानं म्हाताऱ्याला घराबाहेर काढलंय.
मेना हसायची, चहा गाडीत नेऊन द्यायची.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली त्यानं,
हॉर्न कधी वाजवायला लागला नाही,
पोरं आपणहून चढायची.
आता एकाच उतारूसाठी थांबला होता,
आणि उतारू टायरपाशी उभा,
सॉसेजचा तुकडा उचलायचा आणि मागे व्हायचा.
मग पायरीवरचा तुकडा.
मग आतल्या पायपुसण्यावरचा, पुढचे दोन पाय आत,
मागचे दोन अजून बाहेर, जगात.

नाताळाआधी गॅसवाल्यानं फाटक आपटलं.
दोन रात्री ती काटेरी झुडपात,
लोकरीचं टोक चिखलात लोळतंय.
एम्रिस झुडपापाशी स्टूल टाकून बसला, बोलला नाही.
तुकडा पुन्हा टायरपाशी आला.
मी म्हटलं, अरे, दोन महिने वाया गेले.
तो म्हणाला, कुणाचे?

फेब्रुवारीतला एक मंगळवार. ऊन होतं म्हणावं इतपत.
तो आत पेपर वाचत होता, तुकडा ठेवायला विसरला होता,
आणि ती चढली.
चारही पाय.
एक गिरकी घेऊन मागच्या सीटवर वेटोळं करून झोपली,
जणू तिकीट काढूनच आली होती.

त्यानं आरशात पाहिलं. किती वेळ, मोजला नाही मी.
मग हळूच किल्ली फिरवली.
टिक्.
पुन्हा. टिक्.
चार महिने उभी गाडी, बॅटरी कधीच संपलेली.

मी केबल घेऊन चढ चढलो, धापा टाकत.
त्यानं काचेतून पंजा दाखवला, थांब.
नंतर ओठ हलले. उद्या.

केबल अशा टेकवल्या गवतावर
की चिमट्यांचा आवाज होऊ नये.
आत काचा धुरकट होत चालल्या होत्या,
पुढची थोडी, मागची जास्त.